वजन बरोबर म्हणतात पण उंची कमी, अडीच वर्षाची मुलगी आहे. काय करावं?

गुंजीची_लेक

नमस्कार सगळ्यांना. आम्ही खानापूर तालुक्यात (बेळगाव जिल्हा) खेड्यात राहतो, प्रश्न मुलीबद्दल आहे. आत्ताच अडीच वर्षाची झाली. अंगणवाडीत दर महिन्याला वजन करतात पण यावेळी नवीन टीचर आलेत त्यांनी उंचीपण मोजली आणि मोबाईलमध्ये घालून म्हणाल्या वजन चालेल पण वयाच्या मानानं उंची कमी आहे, पीएचसीत (सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात) एकदा दाखवून घ्या. वजन १० किलो ४०० ग्रॅम, उंची ८२ सेंटीमीटर. मला हेच कळेना झालंय की वजन बरोबर असेल तर मूल कुपोषित कसं काय? गाल भरलेले आहेत, दिवसभर अंगणात कोंबड्यांच्या मागं पळत असते, बोलतेपण चुरूचुरू.

सासूबाई म्हणायल्यात आमच्यात सगळे असेच, आणि तू तरी कुठं मोठी उंच लागून गेलीस (मी चार फूट नऊ, मिस्टर पाच फूट तीन). नणंद म्हणायलीय टीव्हीवर दाखवतात ती उंची वाढायची पावडर चालू कर. डबा बराच महाग आहे पण फरक पडत असेल तर घेईन.

सगळं नीट लिहिते म्हणजे सांगणाऱ्याला बरं पडेल. जन्मताना वजन २ किलो ३००, नऊ महिने पूर्ण भरलेले. पोटात असताना माझं रक्त (हिमोग्लोबिन) ८.६ होतं, तायी कार्डावर, म्हणजे गरोदरपणात सरकारकडनं मिळतं त्या कार्डावर, लिहिलेलं आहे. थोरला मुलगा तिच्यापेक्षा १९ महिन्यांनीच मोठा. ती चार महिन्यांची असताना रोप लावायचे दिवस आले, मी शेताकडं जायला लागले, मागं सासूबाई गाईचं दूध निम्मं पाणी घालून बाटलीनं पाजायच्या. सहा महिन्यांनंतर भाताची पेज, वरणाचं वरचं पाणी, चहात बुडवून बिस्कीट असं चालू झालं. आता आमच्यातलंच खाते, भात आमटी जास्त, भाकरीला नको म्हणते. आणि पावसाळा आला की जुलाब ठरलेले, यंदापण तीन चारदा झाले.

हे खरंच काळजीचं आहे का नुसतं मोबाईलचं गणित आहे? आणि आता यावर काय करता येतं का गाडी गेली?


उंच_माणूस

ताई उगं टेन्शन घेऊ नका ओ. आईबाप बुटके तर पोर बुटकं, साधा हिशोब आहे. हे मोबाईलमधले चार्ट गोऱ्यांच्या पोरांवरनं काढलेले असतात, त्यात आमची पोरं कशी बसणार? माझी आजी चार फूट आठ होती, नव्वदी पार केली, शेवटपर्यंत शेंगा फोडत बसायची. पावडर मात्र घेऊ नका, पैशे पाण्यात.


निपाणीकर_वहिनी

मला डॉक्टरीतलं फारसं कळत नाही पण आमच्याकडचं बघितलेलं सांगते. माझा धाकटा जन्मला तेव्हा २ किलो १०० होता आणि दोन वर्षाचा होईपर्यंत अंगणवाडीत कायम सगळ्यात पुढच्या रांगेत उभा करायचे फोटोला. आमच्या गल्लीत निम्म्या घरात विड्या वळतात, तंबाखूच्या धुळीतच पाट मांडून बसायचं, मांडीवर सूप आणि शेजारी बाळाची झोळी. त्यात परत मिश्री. सकाळी उठलं की तव्यावर तंबाखू भाजायची, काळी झाली की बोटानं चुरायची आणि दात घासायच्या निमित्तानं अर्धा तास तोंडात. पोटुशी बाई असली तरी कोण काय म्हणत नाही, उलट मळमळ थांबते म्हणून आणखीन एकदा संध्याकाळी लावतात. आमच्या इथल्या डॉक्टरीणबाईंनी एकदा सगळ्यांना बसवून सांगितलं की पोटात असताना आईला तंबाखू कशीपण लागूदे, विडीनं, मिश्रीनं, घरातल्या दुसऱ्याच्या धुरानं, बाळाकडं जाणारं रक्त कमी होतं आणि बाळ बारीक जन्मतं. आणि बारीक जन्मलेलं पोर उंचीतपण मागं राहायची शक्यता जास्त.

तुमच्यात कोण मिश्री लावतं का? आणि स्वयंपाक चुलीवर का गॅसवर? पोरगी चुलीपुढं बसत असेल तर तेवढं तिला बाहेर काढा, धुरानं छातीचं दुखणं परत परत येतं आणि आजारी पोराला भूक कुठली.


कॅम्पातली_सिस्टर

बेळगावात लहान मुलांच्या वॉर्डात बरीच वर्षं काढलीत म्हणून लिहिते. लांबडं होणार आहे, चहा घेऊन बसा.

पहिलं काम, उंची परत मोजून घ्या. एका मापावर काय ठरवायचं नाही. पोरीचं हेअरबेल्ट, क्लिप, चप्पल काढा, टाचा पाठ डोकं भिंतीला टेकवा, गुडघे सरळ, नजर समोर. एकानं पाय धरायचे आणि दुसऱ्यानं डोक्यावर फळी लावायची, एकट्यानं होत नाही. दोन वर्षाच्या आतलं पोर असलं तर झोपवून मोजतात आणि झोपवून मोजलेलं माप उभ्यापेक्षा साधारण ०.७ सेंमी जास्त येतं, त्यामुळं मागचं माप झोपवून घेतलेलं आणि आताचं उभं करून असेल तर पोर वाढलंच नाही असं उगाच वाटतं. तेवढं विचारून घ्या.

आता ८२ बरोबर आहे धरून चालू. अडीच वर्षाच्या मुलीची मधली उंची ९०.७ असते. ८३.६ च्या खाली गेली की वयाच्या मानानं खुंटलेली धरतात, ८०.१ च्या खाली गेली तर फारच. म्हणजे तुमची लेक रेषेच्या खाली आहे पण फार खोल नाही. वजनाची तशीच खालची रेषा १० किलोची आहे, ती तिनं ओलांडलीय म्हणून वजन चालेल म्हणाल्या. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. वजन म्हणजे हातातली रोकड, आठ दिवसाच्या जुलाबात जाते आणि पंधरा दिवसात परत येते. उंची म्हणजे जन्मल्यापासनं, खरं तर जन्मायच्या आधीपासनं साठवलेली पुंजी. पोर बुटकं आणि बुटक्या मापात गुटगुटीत असेल तर बघणाऱ्याला काय कळतच नाही, वर्गातली चार वर्षाची पोरगी तीन वर्षाची वाटते एवढंच. म्हणून हे सगळ्यात जास्त निसटतं.

आणि हे तुमच्या एकट्या घरचं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षाखालची कर्नाटकातली ३५.४ टक्के पोरं खुंटलेली निघाली आणि महाराष्ट्रातली ३५.२ टक्के. सीमेच्या अलीकडं पलीकडं भांडायला निदान या बाबतीत तरी काय नाही.

उंच माणूस दादा, गोऱ्यांच्या पोरांवरनं हे चुकीचं आहे ओ. २००६ चे जागतिक आरोग्य संघटनेचे चार्ट आहेत ना, ते सहा देशांतल्या पोरांवरनं काढलेत: ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि आपला भारत, दिल्लीतली पोरं. घरची स्थिती बरी, आई तंबाखू ओढत नाही, बाळ अंगावर पितंय अशी घरं निवडली होती आणि या सगळ्या देशांतली पोरं पहिली पाच वर्षं जवळजवळ सारखीच वाढली. म्हणजे मोकळं खायला आणि निरोगी राहायला मिळालं तर पाच वर्षापर्यंत दिल्लीचं पोर नॉर्वेच्या पोराला मागं हटत नाही.

ताई, तुम्ही जे लिहिलंय त्यात मला दिसतंय ते सांगते, आणि दोष कुणाला म्हणून नाही, रोप लावणीत घरी बसून कुणाचं भागतं?

२ किलो ३०० म्हणजे कमी वजन, अडीच किलोच्या आतलं सगळं कमीच. दिवस पूर्ण भरून एवढं वजन म्हणजे पोटातच वाढ कमी झालेली. खुंटलेल्या पोरांतला ढोबळ पाचवा हिस्सा असा पोटातनंच मागं राहून आलेला असतो असा अंदाज आहे. गरोदरपणात रक्त ११ च्या खाली गेलं की कमी धरतात, तुमचं ८.६. दोन बाळंतपणांत १९ महिने म्हणजे थोरला जेमतेम दहा महिन्याचा असताना तुम्हाला परत दिवस गेले, तो तेव्हा अंगावर पीत असणार, तुमचं अंग भरून यायला वेळच मिळाला नाही. एक बाळंतपण झाल्यावर पुढचे दिवस जायला निदान दोन वर्षं थांबावं म्हणतात ते यासाठी. आणि तुमची उंची. १४५ सेंमीच्या खालची आई हा जगभर मानलेला धोका आहे आणि चार फूट नऊ म्हणजे बरोबर त्याच रेषेवर. पण सासूबाई म्हणतात तसं ते नुसतं रक्तातलं नाही. तुम्ही स्वतः लहानपणी किती खाल्लं, किती आजारी पडला, तुमच्या आईचं लग्न कितव्या वर्षी झालं, ते सगळं तुमच्या उंचीत आलंय आणि तुमच्यातनं थोडं लेकीत. घरात सगळे बुटके याचा अर्थ घरात सगळ्यांना तीन पिढ्या कमी पडलं असापण होऊ शकतो.

आपल्या इथल्या जेएन मेडिकल कॉलेजनं एका मोठ्या अभ्यासात भाग घेतला होता, बेळगावची खेडी, पाकिस्तान, ग्वाटेमाला आणि काँगो अशा चार ठिकाणी. बायकांना दिवस जायच्या निदान तीन महिने आधीपासनं पौष्टिक पेस्टची पाकिटं दिली. २०१९ ला निकाल छापून आला, त्या बायकांची बाळं जन्मताना थोडी लांब होती. म्हणजे खरं खाणं लग्नानंतर लगेच, दिवस जायच्या आधी सुरू व्हायला पाहिजे आणि आपल्यात तेव्हा नव्या सुनेनं सगळ्यांच्या शेवटी उरलेलं खायचं असतं.

बाकीचं जेवणाचं आणि जुलाबाचं संध्याकाळी लिहिते, ड्युटीला उशीर व्हायलाय.


उंच_माणूस

सिस्टर, दिल्लीचं माहीत नव्हतं, बरं झालं सांगितला. पण मग हॉलंडची माणसं एवढी उंच आणि आपण एवढेच, हे कसं? सगळं खाण्यावर म्हणणं मला काय पटेना.


कॅम्पातली_सिस्टर

मोठेपणीच्या उंचीत रक्त बोलतंच की, कोण नाही म्हणतंय. मी म्हणतेय ते पहिल्या पाच वर्षांचं. तिथं फरक पडतो तो जास्त करून खाण्याचा आणि आजारपणाचा. आईबाप बुटके असतील तर पोर मधल्या रेषेच्या थोडं खाली चालेल, पण रेषेला धरून चालायला पाहिजे. तुमच्या आजीसारख्या दणकट बायका असतातच, पण एका आजीवरनं हजार पोरांचा हिशोब होत नाही.


अथणी_रोड

इथं सगळे खाण्यावर बोलायलेत म्हणून वेगळं लिहितो. मी शाळेत शिकवतो, आमच्या भागात कारखाने भरपूर. दिवाळी आली की ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बीडकडनं, विजापूरकडनं, कारखान्याच्या कडेला खोपी मारतात आणि मार्चपर्यंत तिथंच. पहाटे तीनला कोयता घेऊन नवराबायको फडात, पोर बैलगाडीखाली सावलीत, त्याच्याजवळ आठ वर्षाची बहीण ठेवलेली, तीच आई. सकाळी केलेली भाकरी दुपारी चारला. त्या खोपीतल्या बायकांना वय विचारलं तर एकोणीस वीस सांगतात आणि कडेला दोन पोरं असतात, मग लग्न कधी झालं ते तुम्हीच काढा. अठराच्या आत आई झालेल्या पोरीचं स्वतःचंच अंग वाढायचं असतं, त्यात बाळाला काय देणार ती.

सांगायचं हे की धोके सुटे सुटे येत नाहीत. जिथं आईचं लग्न लवकर तिथंच शिक्षण कमी, तिथंच पाणी ओढ्याचं, तिथंच दवाखाना लांब. आईला शिकवलं म्हणजे पोर वाढतं असं लोक म्हणतात आणि आकड्यांतपण तसंच दिसतं, पण दहावी पास बाईला फडात पाठवलं तर तिचं शिक्षण काय करणार. गुंजीच्या ताई, तुमचं तसं नाही, घर आहे, अंगणवाडी दारात आहे, उंची मोजणारी टीचर आहे, त्याचा फायदा घ्या. तीन वर्षाच्या आतल्या पोरांना अंगणवाडीतनं घरी न्यायचं धान्य मिळतं ते आणता का? आणलेलं घरातली सगळी मिळून खातात हेपण मी बघितलंय, म्हणून विचारलं.


कॅम्पातली_सिस्टर

सर बरोबर बोलला. आता राहिलेलं.

पेज आणि वरणाचं पाणी. हे मी वॉर्डात रोज ऐकते, "वरणाचं पाणी देतो की सिस्टर". अहो डाळ खाली राहते आणि पाणी पोराच्या पोटात जातं. लहान पोराचं पोट त्याच्या मुठीएवढं, ते पाण्यानं भरलं की भूक मेली आणि अंगाला काय लागलं नाही. चमचा आडवा केला तर खाली सांडू नये एवढं घट्ट पाहिजे. भात डाळ बोटानं कुस्करून, वरनं एक चमचा तूप नाहीतर तेल. सहा महिन्यांपर्यंत नुसतं आईचं दूध, पाणीसुद्धा नाही, आणि सहा पूर्ण झाले की घट्ट जेवण आणि सोबत अंगावरचं दूध निदान दोन वर्षापर्यंत, हा नियम आपल्याकडं दोन्ही बाजूंनी मोडतो, चार महिन्याला बाटली येते आणि घट्ट जेवण मात्र वर्षानंतर. निम्मं पाणी घातलेलं दूध म्हणजे निम्मं दूध. आणि बाटली धुणं हे खेड्यात, विहिरीच्या पाण्यात, पावसाळ्यात जमत नाही, तिथनं जुलाब सुरू.

सहा महिने ते दोन वर्षं या वयातल्या पोरांसाठी हिशोब असा सांगतात की आदल्या दिवसात आठ गटांपैकी पाच गट पोटात गेले पाहिजेत: आईचं दूध, धान्य, डाळी शेंगदाणे, दूध दही, मांस मासे, अंडं, लाल पिवळी फळं आणि हिरवी भाजी, इतर फळं भाज्या. ही रीत अडीच वर्षालापण वाईट नाही. भात आमटी बिस्कीट असा दिवस मोजून बघा, दोन नाहीतर ओढूनताणून तीन भरतात. मघाशी सांगितलेल्या त्याच राष्ट्रीय पाहणीत दोन वर्षाखालच्या पोरांत पुरेसं जेवण मिळणारी देशभरात ११ टक्क्यांच्या आसपास निघाली, म्हणजे पैसेवाल्यांच्या घरातपण हेच आहे. चहा तर आजपासनं बंद करा, त्यानं डाळभाजीतलं लोह अंगाला लागत नाही, आणि चहा बिस्कीट खाल्लेलं पोर जेवणाला बसत नाही.

जुलाब. जुलाब लागले की खाणं बंद करायची आपल्याकडं पद्धत आहे, ती वाईट. ओआरएस (मीठसाखरेच्या पुडीचं पाणी) चालू, जेवण चालू, आणि झिंकच्या गोळ्या, २० मिलिग्रॅम रोज एक, १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदा पूर्ण करायच्या, बहुतेक जण पाचव्या दिवशी विसरतात. पीएचसीत फुकट मिळतात. शौचात रक्त दिसलं, डोळे आत गेले, पोर सुस्तावलं तर घरी थांबायचं नाही.

आणि कोंबड्या! तुम्ही सहज लिहिलंय पण मला तिथंच अडकायला झालं. रांगणारं पोर अंगणातली माती तोंडात घालतं, त्यात कोंबडीची विष्ठा. प्रत्येक वेळी जुलाब होतीलच असं नाही, पण आतड्याला सूज राहते, खाल्लेलं नीट शोषलं जात नाही आणि वरनं काय दिसत नाही. कोंबड्या विका म्हणत नाही, रात्री आणि तिच्या जेवायच्या वेळी खुराड्यात घाला, तिला ओट्यावर चटई टाकून खेळूदे, हात साबणानं धुवून मग ताट. पण खरं सांगायचं तर बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वेत नुसते संडास, पाणी, हात धुणं यावर मोठे अभ्यास झाले आणि त्यानं उंचीत फरक दिसला नाही. जेवण सुधारलं तिथं थोडा दिसला. म्हणून हात धुतले की उंची वाढेल असं धरून बसू नका, जुलाबासाठी करा, आणि ताट आधी.

पावडरच्या डब्याच्या मागं बारीक अक्षरात साखर किती ते वाचा, मग ठरवा. त्या पैशात महिनाभर रोज एक अंडं येतं आणि थोडं उरतं.


गुंजीची_लेक

सिस्टर, सर, वहिनी, सगळ्यांचे आभार, एवढं कोणीच बसून सांगितलं नव्हतं. आज परत मोजली, तुम्ही सांगितल्यासारखी, टीचर आणि मी दोघींनी मिळून, ८२.३ आली. मिश्री आमच्यात सासूबाई लावतात, मी नाही, पण चूल आहे आणि पोरगी आजीच्या मांडीवर तिथंच बसते सकाळी. धान्य आणते, पण सर म्हणाले तसंच होतं, सगळ्यांच्या उप्पीटात जातं ते.

आता अडचण अशी की आमचं घर माळकरी, सासऱ्यांच्या गळ्यात माळ आहे, अंडं घरात येत नाही. पुढच्या वर्षी तिला अंगणवाडीत अंडं मिळेल तेव्हा खाऊदे असं मिस्टर म्हणतात पण घरात नको. आणि सासऱ्यांना दीड महिना झाला खोकला आहे, म्हणून विचारते, पोरगी त्यांच्याजवळच झोपते, त्याचा काय संबंध असेल का? शेवटचं म्हणजे भरून निघेल का हे, तेवढं खरं सांगा.


कॅम्पातली_सिस्टर

आधी खोकल्याचं. दोन आठवड्यांवर खोकला म्हणजे थुंकी तपासायची, पीएचसीत फुकट होते, उद्याच न्या. टीबी नसेलही, पण असेल तर घरातल्या लहान पोरांना लवकर लागतो आणि पोरांत तो खोकल्यापेक्षा वाढ थांबणं, भूक जाणं असाच दिसतो. निकाल येईपर्यंत तिला तुमच्याजवळ झोपवा. डॉक्टरांना तिचंपण सांगा. त्यांना गरज वाटली तर तिचं रक्त, थायरॉईड बघतील, गव्हाचं न सोसणं असलं काय आहे का तेपण बघतील. सगळी बुटकी पोरं जेवणामुळं बुटकी नसतात, थोड्यांना दुसरा आजार असतो आणि तो औषधानं सुधारतो.

अंड्याला देव करायचं कारण नाही. इक्वाडोरमध्ये लहान बाळांना सहा महिने रोज एक अंडं दिलं तर उंचीत चांगला फरक पडला, २०१७ ला छापून आलं, सगळीकडं गाजलं. तेच मलावीत करून बघितलं तर फरक नाही, तिथली पोरं आधीच मासे खात होती. म्हणजे ताटात जे नाही ते आलं की फरक पडतो. माळकरी घरात दूध दही रोज पाहिजे, पण दिवसाला दोन मोठे कप पुरे, दुधानंच पोट भरलं तर जेवण राहतं. मटकीची उसळ, अळसंदे (चवळी), मसूर, शेंगदाण्याचं कूट भाजीत, आमटी घट्ट, भातावर तूप, पालक, शेवगा, पपई. सोबत लिंबू पिळा, लोह चांगलं लागतं. दिवसातनं तीन जेवणं आणि मधी दोनदा काहीतरी, तिच्या स्वतःच्या वाटीत, म्हणजे किती खाल्लं ते दिसतं. थोरल्याच्या ताटात खाणाऱ्या धाकटीला कायम कमी मिळतं, आणि मुलगी असली तर आणखीन.

भरून निघायचं म्हणाल तर खरं हेच की पोटात असल्यापासनं दोन वर्षाची होईपर्यंतचे हजार दिवस सगळ्यात महत्त्वाचे, त्यानंतर गेलेलं सगळं परत येत नाही. थोडं येतं. पण आणखीन मागं पडू नये हे नक्की तुमच्या हातात आहे. या वयात मुलीनं तीन महिन्यांत साधारण दोन सेंटीमीटर वाढायला पाहिजे, तेवढी वाढली तर गाडी रुळावर आहे समजा, नाही वाढली तर बालरोगतज्ज्ञांना दाखवाच. दर महिन्याला मोजून जीव काढू नका, तीन महिन्यांनी मोजा. तिच्याशी बोला, गाणी म्हणा, डबे वाजवूदे, डोक्याची वाढ सेंटीमीटरवर अडलेली नाही. आणि पुढचं मूल हवं असेल तर आत्ता पाळणा लांबवा, तुमचं रक्त तपासून घ्या, दिवस गेलेच तर अंगणवाडीत मातृपूर्णाचं, म्हणजे गरोदर बायकांसाठीच्या सरकारी योजनेचं, गरम जेवण आहे, ते लाज न बाळगता तिथंच बसून खायचं, घरी आणायचं नाही.


निपाणीकर_वहिनी

सिस्टरनी नाचण्याचं राहून दिलं म्हणून मी लिहिते, कॅल्शियम भरपूर असतं त्यात आणि आपल्यात पिकतोच. तुमच्यात असेलच पण मोड आणून करा, आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या मोड आणला की त्यातलं लोह वगैरे अंगाला जास्त लागतं.


गुंजीची_लेक

वहिनी मोड कसा आणता? माझ्याकडनं नाचणा कुबट वास मारतो.


निपाणीकर_वहिनी

पाणी राहत असेल त्यात. तीन चार पाण्यात चोळून धुवायचा, खडे गाळून, रात्रभर भिजत घालायचा, सकाळी चाळणीत टाकून पाणी पूर्ण निथळू द्यायचं, निदान तासभर, मग सुती कापडात सैल बांधायचा, गच्च नाही, हवा लागली पाहिजे. पावसाळ्यात दीड दोन दिवस लागतात, उन्हाळ्यात एकच. मधी एकदा कापडावर पाणी शिंपडायचं. बारीक पांढरा मोड दिसला की लगेच सावलीत पसरायचा, मोड लांब होईपर्यंत थांबला की कडवट होतं. वाळला की मंद भाजायचा आणि शेरभर नाचण्याला पावशेर फुटाण्याची डाळ घालून दळून आणायचा, म्हणजे डाळ वेगळी घालायला विसरलं तरी चालतं. दुधात घट्ट शिजवायचं, गूळ थोडाच. गिरणीत मिरची दळल्यावर लगेच देऊ नका, आमच्यात एकदा तसं झालं, पोरगं दोन दिवस वाटी बघून पळायचं.